पखवाजाच्या घरात ऊन

यंदा थंडी जरा रेंगाळतच आली. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत थंडी पडल्याचं हवेवरून कळत नाही, वॉचमनच्या कानटोपीवरून कळतं. परवा सकाळी तो कानटोपी घालून, गेटपाशी पालापाचोळ्याचा धूर करून उभा होता. मी कपाटातली शाल काढली, गॅलरीत नेऊन झटकली, तर तिच्यातून पांढरा बारीक भुगा उडाला. सिमेंटचा. धुऊनही तो तिच्यात कुठेतरी दडून बसला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर पाहून विचारलं, "रांगोळी घालताय का?" मी सॉरी म्हटलं आणि आत आले. पण त्या भुग्याचा वास नाकात गेला तो गेलाच. मागची अख्खी थंडी मी त्या वासात काढली होती, लीलामावशीच्या डोंगरावरच्या घरात. आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखाची थंडी माझ्या वाट्याला फार क्वचित आली आहे.

डोंगर हा मावशीचा शब्द. पुण्यात त्याला टेकडी म्हणतात. वारज्याच्या मागे जी रांग उठते तिच्या उतारावर काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, घर बांधलं तेव्हा तिथे गवत, घाणेरीची झुडपं आणि दगड एवढंच होतं. काका पखवाज वाजवत, आणि पहाटे उठून वाजवत. त्याआधी दोघं शहरातल्या एका दाटीच्या इमारतीत राहायची. पखवाज हे वाद्य शेजाऱ्यांच्या दृष्टीने फार वाईट. सतारीवर दार लावून घेता येतं. पखवाजाचा आवाज भिंतीतून, पलंगाच्या पायांतून, थेट झोपलेल्या माणसाच्या पोटात शिरतो. शेजारी पुण्याचे, त्यामुळे भांडायला कुणी आलं नाही. जिन्यात एक पाटी लागली, की पहाटे साधना करणाऱ्यांनी इतरांची झोप हीदेखील साधनाच आहे हे ध्यानात घ्यावे. काकांनी ती वाचली, भाषा चांगली आहे म्हणाले, आणि जागा शोधायला लागले.

मावशीला त्यांनी विचारलं नव्हतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मावशीही कधी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती. काका वाईट माणूस मुळीच नव्हते. हसरे होते, लाघवी होते, सुट्टीत आम्ही भावंडं गेलो की आम्हाला टेकडीवर नेऊन कुठल्या दगडाखाली विंचू असतो ते दाखवायचे. बोलता बोलता आमच्या पाठीवर बोटांनी बोल वाजवायचे आणि त्यांच्या ते ध्यानातही नसायचं. फक्त त्यांनी घर बांधलं ते कानांनी बांधलं. डोळ्यांचा, पायांचा, पाठीचा त्यात काही संबंध आला नाही.

दगडाच्या जाड भिंती, बसकं छत, एक मोठी खोली आणि तिच्या मागे उरलेलं सगळं. उरलेलं म्हणजे स्वयंपाकघर, झोपायची जागा, मोरी. हा भाग डोंगरात अर्धा खणून बसवलेला होता, त्यामुळे तिथे दिवसाही दिवा लागायचा. पुढच्या मोठ्या खोलीला पूर्वेकडे खिडकी नव्हती, कारण पूर्वेकडे गाव होतं, गावात भोंगा होता, पुढे हायवे झाला. शिवाय पखवाजाच्या तोंडावरच्या पुडीला ऊन सोसत नाही. चामडंच ते, कोरड्या हवेत आधीच सुरात चढतं, त्यात ऊन लागलं तर विचारायलाच नको. म्हणून तीन बाजूंनी डोंगराची मोकळी हवा असलेल्या त्या घरात सूर्य म्हणून कधी आला नाही. थंडीच्या दिवसांत तिथली शहाबादी फरशी पायाला चावायची. बाहेर अंगणात लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि आत आम्ही मोजे घालून.

पण आवाज! तो मी ऐकला आहे आणि मला त्याचं कौतुक करायला शब्द पुरत नाहीत. काकांनी डाव्या हाताचा घुमारा सोडला की तो खोलीत गोल फिरायचा, भिंतींना टेकायचा, परत यायचा आणि आपल्या मांडीखालच्या सतरंजीतून वर चढायचा. लहानपणी मला वाटायचं, या घरात आणखी कुणीतरी राहतं आणि ते काकांना हुंकार देतं. दुरून माणसं ऐकायला यायची ती काकांना, पण जाताना खोलीबद्दल बोलायची. काकांनाही त्याचा अभिमान होता. माझा अर्धा हात ही खोली आहे, असं ते म्हणायचे.

मागच्या भागात त्या आवाजाचं काय व्हायचं ते मात्र फक्त मावशीला ठाऊक. घुमारा उठला की फळीवरच्या डब्यांची झाकणं खुळखुळायची. ती खुळखूळ काकांना पुढे ऐकू यायची आणि त्रास व्हायचा. म्हणून मावशीने प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली जुन्या साडीचा तुकडा दाबून बसवला होता. डाळीचा डबा, साखरेचा डबा, पोह्यांचा डबा, सगळ्यांच्या गळ्यातून रंगीत चिंध्या बाहेर. आम्हाला ते फार गमतीचं वाटायचं. साखर हवी असली की आम्ही म्हणायचो, "मावशी, हिरव्या साडीतली दे."

आणि कणीक. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्याशिवाय त्याला तो खोल आवाज येत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी नवी. ती कणीक मावशी भिजवायची. पहाटे, काकांच्या आधी उठून, त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात. घरात रोज पहिली कणीक पखवाजाची व्हायची आणि मग पोळ्यांची. पुढच्या खोलीत मांडी घालून बसलेले काका मागे न पाहता उजवा हात दाराच्या दिशेने लांब करायचे आणि त्या हातावर एका ताटलीत कणकेचा गोळा येऊन बसायचा. काकांचे शिष्यही तसेच. हात लांब केला की गोळा. मी त्या घरात कणकेसाठी कुणी तोंड उघडलेलं ऐकलं नाही. मावशी म्हणायची, ह्यांचा हात दिसायच्या आधी मला कोपर दिसायचं.

काका गेले ते झोपेत, काही न बोलता, भरल्या वयात. दुःख झालं, पण ते शांत दुःख होतं. त्यानंतर चार-पाच वर्षं मावशी त्या घरात एकटी राहिली. मूलबाळ नाही. मी आठवड्याला जाऊन यायचे. खालून रिक्षा करायची तर रिक्षावाले चढ पाहून नाही म्हणायचे, मग मी स्कूटर घ्यायचे. दर खेपेला मावशी मला अंगणात भेटायची, खुर्ची टाकून उन्हात बसलेली. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. घरात जायची ती संध्याकाळी, आणि गुडघे धरून. आतली ओल तिच्या गुडघ्यांत उतरली होती. डॉक्टर म्हणाले होते, की औषधं देतो, पण घर बदला.

घर बदला, या दोन शब्दांचे दोन अर्थ घेतले गेले आणि तिथून आमची ती थंडी सुरू झाली.

दिवाळी नुकती संपली होती. काकांचे तीन शिष्य मावशीला भेटायला आले. त्यांच्यात मोठा श्रीधर. मी त्याला श्रीधरदादा म्हणते. चौदाव्या वर्षी तो या घरात शिकायला आला, आता त्याचे स्वतःचे शिष्य आहेत आणि मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. सरळ, तापट आणि गुरूवर जीव टाकणारा माणूस. त्याने फार तळमळीने मांडलं, की गुरुजींची खोली जशीच्या तशी ठेवायची. वाद्यं, सतरंजी, भिंतीवरचा तंबोरा, सगळं. लोकांनी यावं, बसावं, तो आवाज ऐकावा. पुढच्या पिढीला अशी खोली कुठे मिळणार? आणि काकूंसाठी खाली कोथरूडला लिफ्टचा फ्लॅट बघू, दिवसभराची बाई ठेवू, आम्ही सगळे मिळून बघू. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच ते ऐकणं अवघड होतं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. चहा दिला, कालचा चिवडा दिला. मग विचारलं, "आणि मला यावंसं वाटलं तर मी कधी यायचं रे, श्रीधर? काही वेळ वगैरे ठेवाल ना?"

श्रीधरदादा कानकोंडा झाला. "काकू, असं काय बोलता? घर तुमचंच आहे."

"माझं आहे ना," मावशी म्हणाली. "मग मला त्यात ऊन हवंय."

पूर्वेच्या भिंतीला मोठी खिडकी. मधली भिंत पाडून स्वयंपाकघर आणि मोठी खोली एकत्र. शहाबादीच्या जागी पायाला गार न लागणारी फरशी. मोरी नवी, धरायला दांडे लावून. हे सगळं तिने मनात कधीच आखून ठेवलं होतं, कारण बोलताना ती एकदाही अडखळली नाही. मला माझ्या घरात बसून, उन्हात पाय सोडून, मटार सोलायचे आहेत, असं तिने शेवटी सांगितलं. मधली भिंत आणि पूर्वेची भिंत गेली म्हणजे तो आवाज गेला, हे तिघा शिष्यांना कळत होतं. ते मावशीलाही कळत होतं. आणि कोणत्या बाजूला बसावं हे न कळून मी चिवड्यातले दाणे वेचत बसले होते.

मनातून मी त्या दिवशी श्रीधरदादाच्या बाजूने होते. माझं सगळं बालपण त्या घुमाऱ्यात होतं. मावशी सुखात राहावी हे वाटत होतं, पण तिने ते सुख कोथरूडला घ्यावं, असंही वाटत होतं. आपल्याला आठवणी इतरांच्या घरात जपून ठेवायला फार आवडतं. आपल्या घरातलं जुनं कपाट आपण केव्हाच देऊन टाकलेलं असतं.

काम संतोषला दिलं. संतोष वारज्यातलाच, त्याच्या आजोबांची गुरं याच उतारावर चरायची. काम नीटनेटकं आणि बोलणं मोकळं. आज्जी, थंडीतच उरकू, पावसात डोंगराची माती सुटती, म्हणाला. मग मार्गशीर्ष सुरू झाला आणि घरात मजूर आले. मावशीला मी कर्वेनगरला घेऊन आले, पण ती एक रात्र राहिली आणि सकाळी पिशवी घेऊन तयार. शेवटी अंगणात पत्र्याची शेड घातली, तिथे चूल, खाट, दोन खुर्च्या, आणि मी ऑफिसला रजा टाकून तिच्यासोबत. ते दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे लोक कुंपणापाशी थांबून काय चाललंय ते विचारायचे आणि न विचारलेला सल्ला देऊन वर जायचे. परतताना आणखी एक सल्ला. गवत पिवळं पडलेलं, खाली शहरावर धुक्याचा पट्टा, आणि आम्ही दोघी तुरीच्या शेंगा उकडून मीठ लावून खातोय. मावशी त्या दिवसांत इतकं बोलली, की मला शंका आली, ही बाई इतकी वर्षं गप्प होती ती स्वभावाने की पहाटेच्या रियाजामुळे.

मधली भिंत पाडायच्या दिवशी श्रीधरदादा पखवाज घेऊन आला. सोबत एक शिष्य आणि खडू.

त्याचं म्हणणं असं, की भिंत सगळीच्या सगळी आवाज देत नसते. जो भाग बोलतो तो शोधू, तेवढा राखू, बाकीचा खुशाल पाडा. मला हसू येत होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसवेना. सिमेंटच्या पोत्यांवर चादर टाकून तो बसला. मावशीने सवयीने शेडमधल्या परातीत कणीक भिजवून दिली. तो वाजवायला लागला. शिष्य भिंतीला तळहात लावून इंच इंच सरकत होता आणि जिथे कंप जाणवेल तिथे खडूने रेघ मारत होता. मजुरांनी घमेली खाली ठेवली आणि ते उकिडवे बसून ऐकायला लागले. संतोष कमरेवर हात ठेवून उभा. मला आत्ता वाटतं, त्या खोलीतली ती शेवटची मैफल होती आणि फार चांगली झाली. श्रीधरदादाने जीव ओतला. खोलीनेही हातचं काही राखलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते धुळीवर ढकललं.

संतोष शेवटी म्हणाला, "दादा, भिंत कुठनं बोलती त्ये तुमी सांगा, तेवढी ऱ्हाऊ देतो. पर वरचं काढावं लागंल. आज्जीला ऊन पायजेल हाय."

खडूची रेघ निघाली कमरेएवढ्या उंचीवर. पखवाज जमिनीवर असतो, आवाज खालून निघतो, तेव्हा खालचाच भाग बोलतो, असं श्रीधरदादाने सगळ्यांना समजावलं. त्याप्रमाणे वरची भिंत पडली, छताखाली तुळई आली आणि कमरेएवढी एक भिंत खोलीच्या मधोमध राहिली. तिच्याकडे पाहून नवीन माणसाला काही उलगडा होणार नाही. काम अर्धं सोडून मिस्त्री पळून गेला असं वाटतं. मावशीने तिच्याभोवती एक चक्कर मारली, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे. भाजी चिरायला बरी पडेल." तिने वर काळा गुळगुळीत दगड बसवून घेतला.

पूर्वेच्या भिंतीचं काम दुपारी सुरू झालं होतं, त्यामुळे दगड निघाले तेव्हा सूर्य मागे डोंगराकडे कलला होता आणि आत नुसता उजेड आला. ऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आम्ही दोघी शेडमधून उठून बघायला गेलो. चौकट बसायची होती, भिंतीला नुसतं मोठं भगदाड होतं, आणि त्यातून ऊन आत शिरून, जमिनीवरच्या राडारोड्यावरून, त्या बुटक्या भिंतीवर चढून, मागच्या स्वयंपाकघराच्या डोंगराकडच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. त्या भिंतीवर ओलीचे डाग आहेत हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं दिव्याच्या उजेडात ते रंगाचेच वाटत होते. मावशी त्या भिंतीपाशी गेली, तळहात टेकवून उभी राहिली, मग पाठ टेकवून उभी राहिली. मला त्या क्षणी मनापासून वाटलं, की बरं झालं.

आणि तरीही. फरशी बसली, रंग झाला, सामान आत आलं, आणि मी खोलीत उभी राहून सहज टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. पूर्वी ती फिरून यायची. आता खिडकीतून बाहेर गेली, खाली बायपासवरच्या ट्रकांत मिसळली. बाहेरचे आवाज मात्र आत आले. कावळे, कुकरची शिट्टी, खालच्या टॉवरमधल्या पोरांचा दंगा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? खोली चांगली दिसत होती, पण ती आता कुणाच्याही घरातली चांगली खोली होती. काका तिथून दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. मावशीला मी हे सांगितलं नाही. ती डब्यांच्या झाकणांखालच्या चिंध्या एकेक करून काढत होती आणि प्रत्येक साडी कुठे घेतली होती ते मला सांगत होती. झाकणं आता घट्ट बसत होती. मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं, की त्या चिंध्यांमुळे त्या घरातले पोहे नेहमी सादळलेले असायचे.

घराला स्वभाव असतो म्हणतात. मला आता वाटतं, घरात ज्याचं चालतं त्याचा स्वभाव घराला असतो. काका होते तोवर ते घर काकांसारखं होतं, एकाच गोष्टीचं वेड असलेलं, बाकी सगळ्याकडे पाठ फिरवलेलं, आणि त्या वेडापुरतं अप्रतिम. आता ते हळूहळू मावशीसारखं व्हायला लागलं होतं. थोडं पसरट, बोलकं, आल्यागेल्याला बस म्हणणारं. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी आली. मोठ्या खोलीत, जिथे पूर्वी सतरंजीशिवाय काही नसायचं, तिथे एक आरामखुर्ची आली. टेकडीवर फिरायला जाणाऱ्या बायका आता परतताना थांबतात आणि बुटक्या भिंतीला टेकून चहा पितात. त्यांच्यातली एक मावशीला फोनवर शब्दकोडी सोडवायला शिकवते. पूर्वीच्या घरात या बायका शिरल्याच नसत्या. शिरायला काही बंदी नव्हती, पण तिथे चपला काढतानाच माणसाचा आवाज खाली यायचा.

माघात काकांची पुण्यतिथी असते. दरवर्षी शिष्य जमतात, वाजवतात, जेवतात. मागच्या वर्षी ते येणार की नाही अशी मला धाकधूक होती. आले, सगळे आले. दारात नेहमीप्रमाणे उंबऱ्याला हात लावायला वाकले आणि अडखळले, कारण मावशीच्या पायांना अडतो म्हणून उंबरा काढून टाकला होता. वाकलेली माणसं तशीच जमिनीला हात लावून आत आली. कुणी घराबद्दल काही बोललं नाही. छान उजेड आहे, एवढं एकजण म्हणाला, आजाऱ्याला तब्येत छान दिसते म्हणावं तसं.

सकाळची वेळ, खोलीभर ऊन. पखवाजावर ते पडू नये म्हणून श्रीधरदादाने जागा बदलली, मग सगळ्यांनाच बदलावी लागली, आणि पूर्वी जिथे काका बसत तिथे या वेळी कुणीच बसलं नाही. मावशी आरामखुर्चीत, समोर. हे नंतर माझ्या लक्षात आलं, की इतक्या पुण्यतिथ्या झाल्या, इतक्या मैफली झाल्या, पण मावशी समोर बसलेली मी पहिल्यांदा पाहत होते. तिने कायम भिंतीमागून ऐकलं होतं.

श्रीधरदादाने पखवाज मांडीशी घेतला, डोळे मिटले, आणि सवयीने उजवा हात मागे लांब केला.

हात तसाच राहिला. तिथे आता दारही नव्हतं आणि दारात कुणी नव्हतं. त्याने डोळे उघडले, मागे पाहिलं, मग समोर खुर्चीत बसलेल्या मावशीकडे पाहिलं. सगळे मावशीकडे बघत होते. मी उठायला लागले, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डबा वरच्या फळीवर आहे, श्रीधर," ती म्हणाली. "परात खाली."

रागाने नाही, टोमणा म्हणून नाही, पाहुण्याला पाणी कुठे आहे ते सांगावं तशी. श्रीधरदादा उठला. या घरातल्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा शिरत होता, आणि शिरायला वेगळी जागाही नव्हती, बुटक्या भिंतीला वळसा घातला की झालं. काळ्या दगडावर परात ठेवून, अंगात पांढरा झब्बा, अशा थाटात तो कणीक भिजवायला लागला. पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं, मग पुन्हा पाणी. त्याचे शिष्य खाली मान घालून बसले होते, पण एकाचा खांदा हलत होता. मग श्रीधरदादा स्वतःच हसला. खूप दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं. गुरुजींच्या भिंतीवर गुरुजींची कणीक, म्हणाला. गोळा घेऊन तो येऊन बसला. "जरा सैल झालीय, काकू." मावशी म्हणाली, होईल नीट.

वाजवलं त्याने चांगलंच. आवाज पूर्वीचा नव्हता, कसा असेल? तो फिरून आला नाही. पण बोल मात्र सुटे सुटे ऐकू आले, एकेक बोट कुठे पडतंय ते कळत होतं. पूर्वी घुमाऱ्याच्या लाटेत ते सगळं वाहून जायचं. बुटकी भिंत बोलली की नाही मला सांगता येणार नाही. तिच्यावरची रिकामी परात मात्र अधूनमधून खणखणत होती आणि तिला कुणी थांबवलं नाही. मावशी मान तिरकी करून ऐकत होती. तिच्या पायांवर ऊन होतं.

जेवणं झाली, शिष्य निघाले, श्रीधरदादा मागे रेंगाळला. वाद्य गवसणीत घालता घालता त्याने मान वर न करता विचारलं, की मी इथे रियाजाला येत जाऊ का? माझ्या बिल्डिंगमध्ये फार कटकट होते. पहाटे येईन, पूर्वीसारखा. खोली गेली तर गेली, पण काकू, हात इथेच बसलाय माझा.

मला वाटलं, झालं. मावशी आता गहिवरणार आणि हो म्हणणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलंही होतं. श्रीधरवर तिची माया पोटच्या पोरासारखी, ते मला ठाऊक आहे.

"ये की," ती म्हणाली. "पण पहाटे नको. पहाटे मी झोपते आता."

काका होते तोवर पहाटे न वाजवणं ही गोष्ट त्या घरात कधी झाली नव्हती. काकांना ताप असतानाही नाही, त्यांची आई गेली त्या सुतकातही नाही. बोटं नुसती मांडीवर का होईना, पण पहाटेला चालत. श्रीधरदादाने गवसणीची नाडी ओढून बांधली. मग त्याने विचारलं, आणि मला त्याबद्दल तो जन्मभर आवडेल, "मग कधी येऊ? तुम्हाला कोणती वेळ बरी पडेल, काकू?"

मावशीने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या घरात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. चेहरा मात्र असा झाला होता, की मी तो विसरणार नाही. मुलगी पाहायला आल्यावर मुलीलाच कुणी विचारावं, की तुला पसंत आहे का, तसा.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

आणि तिने चांगले आठ दिवस घेतले.